डीव्हीडी-व्हीसीडी संगणकावर घेताना: आधी हुबेहूब प्रत, मग रूपांतर

रिळवाला (धागाकर्ता)

डिस्कवरच्या चित्रपटाचं एमपी४ कसं करायचं, हा प्रश्न इथे अधूनमधून येतो आणि उत्तरात सॉफ्टवेअरची नावं मिळतात. नावं बरोबरच असतात, पण त्याच्या आधीची पायरी सुटते, म्हणून हा स्वतंत्र धागा काढतोय. डिस्क वाचणं आणि व्हिडिओ लहान करणं ही दोन वेगळी कामं आहेत. ती एका दमात उरकू नका. डिस्कवर जे आहे ते आधी जसंच्या तसं हार्ड डिस्कवर घ्या, नीट आलंय का ते तपासा आणि मग निवांत रूपांतर करा.

एवढा आग्रह का, तर डिस्क दिवसेंदिवस जुनी होत चालली आहे आणि कॉम्प्रेशनचं तंत्र मात्र सुधारत चाललंय. चित्रपटाच्या विकत मिळणाऱ्या डिस्कमध्ये माहितीचे खड्डे साच्यातून प्लास्टिकमध्ये दाबलेले असतात, त्या बऱ्यापैकी टिकतात. घरी बर्न केलेल्या डिस्कमध्ये मात्र माहिती असते ती रंगद्रव्याच्या पातळ थरात. उजेड, उष्णता, दमट हवा यांनी तो थर हळूहळू बिघडतो. वरून डिस्क चकचकीत दिसते आणि आतली माहिती वाचता येत नाही, असं होऊ शकतं. म्हणजे घाई करायची असेल तर ती डिस्क वाचून घ्यायची करा.

दुसरी बाजू बघा. डीव्हीडी १९९६ साली आली, तिच्यावरचा व्हिडिओ एमपीईजी-२ या कॉम्प्रेशनच्या पद्धतीत असतो. २००३ साली एच.२६४ आलं, २०१३ साली एचईव्हीसी, २०१८ साली एव्ही१. प्रत्येक वेळी तेवढ्याच जागेत जास्त चांगलं चित्र बसायला लागलं. दोन हजारच्या दशकात अनेकांनी आपल्या डिस्कच्या सातशे एमबीच्या एव्हीआय फाइली करून ठेवल्या, त्या आज मोठ्या पडद्यावर लावल्या की चौकोन-चौकोन दिसतात. ज्यांनी मूळ फोल्डर जपून ठेवलं होतं ते आज त्याच मालाची पुन्हा सुंदर फाइल करू शकतात. बाकीच्यांकडे फक्त ते चौकोन उरलेत, कारण कॉम्प्रेस करताना फेकून दिलेला तपशील कुठलंही सॉफ्टवेअर परत आणत नाही.

आता डिस्कच्या आत काय असतं ते बघू. डीव्हीडी उघडली की व्हिडिओ_टीएस नावाचं फोल्डर दिसतं. त्यात व्हीओबी फाइली म्हणजे प्रत्यक्ष चित्र, आवाज आणि सबटायटल एकत्र गुंफलेलं. एकेक फाइल १ जीबीच्या आतच असते, म्हणून मोठा चित्रपट पाच-सात तुकड्यांत दिसतो. आयएफओ फाइलींमध्ये कुठला तुकडा कधी वाजवायचा, प्रकरणं कुठे सुरू होतात, आवाजाचे ट्रॅक किती, ही सगळी नोंद असते. बीयूपी ही त्या आयएफओचीच जादा प्रत.

'व्हीओबी फाइली कॉपी करून एकापुढे एक जोडल्या की झालं' असा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो. तो घेऊ नका. तुकड्यांमधली वेळेची नोंद मधेच शून्यापासून सुरू होऊ शकते. मग जोडलेली फाइल पुढे-मागे सरकवली की भलतीकडे जाते, कधी आवाज ओठांच्या मागे पडतो. शिवाय मेनू, जाहिरात, दुसऱ्या कोनातून घेतलेलं दृश्य हेही त्याच रांगेत घुसलेलं असू शकतं. क्रम आयएफओला माहीत असतो, तेव्हा आयएफओ वाचणारं साधनच वापरा.

मी डिस्कची आधी पूर्ण आयएसओ प्रतिमा, म्हणजे अख्ख्या डिस्कची हुबेहूब एकच फाइल, काढतो. मग मेकएमकेव्ही या सॉफ्टवेअरने हवं ते टायटल (डिस्कवरचा एक सलग कार्यक्रम) एमकेव्ही फाइलीत काढतो. यात रूपांतर काहीच होत नाही. तोच एमपीईजी-२, तोच आवाज, फक्त आवरण बदलतं, म्हणून काम काही मिनिटांत होतं आणि दर्जा तसूभरही घसरत नाही. घरातल्या टीव्हीवर किंवा संगणकावर व्हीएलसी प्लेअरमध्ये ही एमकेव्ही चालत असेल आणि जागेची चणचण नसेल, तर तिथेच थांबायला काहीच हरकत नाही.

फाइल लहानच करायची असेल तर हँडब्रेक हे रूपांतराचं सॉफ्टवेअर. एच.२६४, कॉन्स्टंट क्वालिटी, आरएफ (दर्जाचा आकडा) २० पासून सुरुवात करा. डीव्हीडीच्या आकाराच्या चित्रासाठी १८ ते २२ या पट्ट्यात राहायचं, आकडा जितका कमी तितका दर्जा जास्त आणि फाइल मोठी. 'अमुक एमबीत बसव' असं सांगण्यापेक्षा हे कधीही चांगलं, कारण शांत संवादांच्या चित्रपटाला कमी जागा लागते आणि पावसातल्या मारामारीला जास्त. ते ठरवणं एन्कोडरवर, म्हणजे व्हिडिओ दाबणाऱ्या प्रोग्रामवर, सोडावं.

इंटरलेसिंग आणि चित्राची लांबी-रुंदी या दोन गोष्टींवर सगळ्यात जास्त घोळ होतात. प्रश्न आले की सविस्तर लिहितो.

नवी_खिडकी

खूप दिवसांपासून असा धागा हवा होता, वाचनखूण साठवली आहे. दोन शंका. डिस्कवर ऑडिओ_टीएस नावाचं फोल्डर आहे, ते रिकामं दिसतं. आवाज गेला असेल का? आणि एमकेव्ही की एमपी४, नक्की काय घ्यावं?

रिळवाला

आवाज गेलेला नाही. ऑडिओ_टीएस हे डीव्हीडी-ऑडिओ या वेगळ्या प्रकारासाठी राखून ठेवलेलं फोल्डर आहे. चित्रपटाच्या डिस्कवर ते रिकामंच असतं, किंवा नसतंही. आवाज व्हीओबीतच असतो.

एमकेव्ही आणि एमपी४ हे नुसते डबे आहेत. आतला व्हिडिओ दोन्हींत एकच असू शकतो आणि दर्जा त्या आतल्या व्हिडिओवर ठरतो. एमकेव्हीत डीव्हीडीचं जवळजवळ सगळं बसतं: अनेक भाषांचे ट्रॅक, प्रकरणं, मूळ सबटायटल. एमपी४ फोनवर, टीव्हीवर, गाडीतल्या पडद्यावर, कुठेही चालतं, पण डीव्हीडीचे सबटायटल त्यात घातले तर पुष्कळ प्लेअर ते दाखवतच नाहीत. साठवायला एमकेव्ही आणि कुणाला पाठवायला एमपी४, असं मी करतो.

तिसरी_घंटा

माझ्याकडे एका नाटकाच्या प्रयोगाचं कॅमेऱ्यावर केलेलं चित्रण डीव्हीडीवर आहे. हँडब्रेकमधून काढलं तर पात्रं हलली की कडांना कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा येतात. स्थिर दृश्यात काही दिसत नाही. जुन्या टीव्हीवर हीच डिस्क स्वच्छ दिसायची. डिस्क खराब झाली की सेटिंग चुकतंय?

रिळवाला

डिस्क उत्तम आहे. हेच ते इंटरलेसिंग.

जुन्या टीव्हीच्या पद्धतीत चित्र एका वेळी पूर्ण काढत नसत. आधी विषम क्रमांकाच्या ओळी, मग सम क्रमांकाच्या. पाल या टीव्ही पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे अशी ५० अर्धी चित्रं. कॅमेऱ्याने ती अर्धी चित्रं वेगवेगळ्या क्षणी टिपलेली असतात, दोन्हींत एक पन्नासांश सेकंदाचं अंतर. तेवढ्यात नटाचा हात पुढे सरकलेला असतो. संगणक दोन्ही अर्धी एकत्र करून एकदम दाखवतो, त्यामुळे हाताच्या कडेला एक ओळ जुन्या जागी आणि एक नव्या जागी, असे दात दिसतात. जुना टीव्ही ती अर्धी चित्रं एकामागून एक दाखवायचा, म्हणून तिथे खटकत नसे.

हँडब्रेकमध्ये फिल्टरच्या टॅबवर डीइंटरलेस आहे. चित्रपटगृहासाठी फिल्मवर काढलेला सिनेमा असेल तर 'इंटरलेस डिटेक्शन' चालू ठेवून डीकोम्ब लावा. जिथे दात दिसतील तेवढ्याच फ्रेमवर तो काम करतो, बाकीच्यांना हात लावत नाही. पण तुमचं चित्रण व्हिडिओ कॅमेऱ्याचं आहे, तिथे हा उपाय अर्धवट ठरतो. साध्या डीइंटरलेसने ५० क्षणांतले २५ टाकून दिले जातात आणि हालचाल किंचित अडखळते. तुम्ही प्रीसेटमध्ये (तयार सेटिंगच्या यादीत) 'बॉब' निवडा आणि फ्रेम रेट ५० ठेवा. मग प्रत्येक अर्ध्या चित्राची एक पूर्ण फ्रेम होते आणि हालचाल मुळात होती तशी सळसळीत राहते. फाइल थोडी मोठी होईल, होऊ द्या. नाटकात, नृत्यात, खेळात सगळा जीव हालचालीत असतो.

एक करा. सगळा प्रयोग एन्कोड करण्याआधी प्रकरण निवडून चार-पाच मिनिटांचाच तुकडा काढून बघा. तुकडा निवडताना सगळ्यात कठीण जागा घ्या: रंगमंचावर अंधार आहे, धूर सोडलाय, पात्रांची धावपळ चाललीय. तिथे चित्र टिकलं तर बाकीचं टिकतंच.

तिसरी_घंटा

बॉबने फरक लगेच कळला. पल्लेदार गिरक्या घेतानाही कडा स्वच्छ आहेत. मनापासून आभार.

चौकटराजा

इंटरलेसिंगबद्दल एक भर घालतो. ३० फ्रेमच्या पद्धतीच्या, म्हणजे एनटीएससी डिस्कवर फिल्मचा सिनेमा असेल तर प्रकार वेगळा असतो. फिल्म सेकंदाला २४ फ्रेमची, ती २९.९७ मध्ये बसवायला काही अर्धी चित्रं पुन्हा वापरलेली असतात. तिथे दर पाच फ्रेममध्ये तीन स्वच्छ आणि दोन दातेरी, असा ठरलेला क्रम दिसतो. त्याला डीइंटरलेस करायचं नाही. डीटेलिसीन हा फिल्टर लावायचा, तो जादा अर्धी चित्रं काढून मूळ २४ परत मिळवतो. पाल डिस्कवर ही भानगड नाही. तिथे फिल्म सरळ २५ ने पळवतात, त्यामुळे दोन तासांचा सिनेमा साधारण ११५ मिनिटांतच संपतो.

लांबी-रुंदीबद्दलही लिहून टाकतो, कारण लोकांच्या फाइलींत चेहरे ताणलेले बघून वाईट वाटतं. पाल डीव्हीडीवर चित्र सहसा ७२० बाय ५७६ साठवलेलं असतं, मग सिनेमा रुंद असो वा चौकोनी. म्हणजे पिक्सेल चौरस नसतात. दाखवताना प्लेअरने ते ४:३ साठी ७६८ बाय ५७६ किंवा १६:९ साठी १०२४ बाय ५७६ एवढे पसरायचे, अशी खूण डिस्कवर असते. रूपांतर करताना ही खूण हरवली की माणसं उंच-सडपातळ तरी होतात नाहीतर बुटकी-रुंद. हँडब्रेकमध्ये अॅनामॉर्फिक 'ऑटोमॅटिक' ठेवलं की खूण टिकते. एखादा जुना प्लेअर ती खूण मानत नसेल तरच पिक्सेल खरोखर चौरस करून घ्या.

तपासायची सोपी युक्ती: पडद्यावर समोरून दिसणारं घड्याळ, गाडीचं चाक, ताटली असं काही गोल शोधा. ते गोल दिसलं पाहिजे.

रिळवाला

चौकटराजा, नेमकं लिहिलंत. यालाच जोडून क्रॉपबद्दल. हँडब्रेक काळ्या पट्ट्या स्वतःच कापतो, पण घरच्या चित्रणात अंधार जास्त असेल तर त्याचा अंदाज चुकू शकतो. प्रीव्ह्यूतली चार-सहा चित्रं डोळ्यांखालून घाला. व्हीएचएसवरून डीव्हीडीवर घेतलेलं चित्रण असेल तर तळाशी काही ओळींची वाकडीतिकडी, थरथरती पट्टी दिसते. टेपचं हेड बदलतानाची ती खूण असते. ती हाताने कापून टाका. तिथे एन्कोडरचे बिट्स फुकट जातात आणि दिसायलाही ती वाईटच.

धुळीचा_खोका

मी घरातल्या जुन्या डिस्क काढून बसले आहे. काही संगणकात अजिबात उघडत नाहीत. त्यातल्या काही छोट्या आहेत, आठ सेंटीमीटरच्या, हँडीकॅममधल्या. घातल्या की 'डिस्क रिकामी आहे' असं येतं. पण चित्रण झालेलं नक्की आहे, खालच्या बाजूला रंगाचा फरक दिसतो.

चौकटराजा

ताई, त्या डिस्क 'फायनलाइज' झालेल्या नाहीत. हँडीकॅम चित्रण लिहीत जातो, पण सूची अगदी शेवटी, फायनलाइज केल्यावर लिहितो. सूची नसली की संगणकाला काही सापडत नाही. तो कॅमेरा अजून चालू होत असेल तर डिस्क त्यातच घालून मेनूमधून फायनलाइज करा, आणि कॅमेरा विजेला जोडून करा, बॅटरीच्या भरवशावर नको. मध्येच बंद पडला तर पंचाईत.

कॅमेरा राहिला नसेल तर आयसोबस्टरसारखी साधनं सूचीशिवाय डिस्क चाचपून चित्रण शोधू शकतात. मात्र 'रिकामी आहे, फॉरमॅट करू का?' असं विंडोजने विचारलं तर काहीही झालं तरी हो म्हणू नका.

रिळवाला

आणखी एक. फायनलाइज झाल्यावर व्हिडिओ_टीएसऐवजी डीव्हीडी_आरटीएव्ही असं फोल्डर दिसलं तर घाबरू नका. ते व्हीआर पद्धतीचं रेकॉर्डिंग. आत व्हीआरओ नावाची एकच मोठी फाइल असते, तीही आतून एमपीईजी-२ च. कॉपी करून घ्या, व्हीएलसी आणि हँडब्रेक दोन्ही ती वाचतात. वेगवेगळे प्रसंग एका फाइलीत सलग आलेले असतात, एवढंच.

धुळीचा_खोका

कॅमेरा चार्जर लावून चालू झाला! दोन डिस्क फायनलाइज झाल्या, चित्रण दिसतंय. आता मोठ्या डिस्कपैकी एक आहे ती निम्म्यापर्यंत कॉपी होते आणि 'सायक्लिक रिडंडन्सी चेक' असं म्हणून थांबते. वर एक ओरखडा आहे.

रिळवाला

वा, फार बरं वाटलं वाचून.

ओरखड्याची डिस्क आधी पुसा. मऊ, धागे न सोडणारं कापड थोडं ओलं करून मध्यापासून कडेकडे सरळ पुसायचं, गोल फिरवून नाही. माहिती गोलाकार मार्गावर लिहिलेली असते, त्यामुळे गोल पुसताना ओरखडा पडला तर सलग बरीच माहिती जाते. आडव्या ओरखड्यात प्रत्येक फेरीत थोडीशीच जाते आणि ती दुरुस्त करण्याची सोय डिस्कमध्ये असते.

मग साधी कॉपी विसरा. साधी कॉपी पहिल्या अडचणीला सगळं सोडून देते. लिनक्सवर जीएनयू डीडीरेस्क्यू वापरा. ते आधी सहज वाचता येणारा भाग घेतं, अडलेल्या जागांची नोंद एका मॅप फाइलीत ठेवतं आणि नंतर फक्त त्या जागांवर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं. मध्ये थांबवलं तरी पुढच्या वेळी तिथूनच सुरू होतं. घरच्या डीव्हीडीसाठी सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या माहितीच्या एका कप्प्याचा, आकार २०४८ बाइट द्यायचा. मॅप फाइल सांभाळा, कारण खरी गंमत पुढे आहे: तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घाला आणि तीच मॅप फाइल वापरून पुन्हा चालवा. प्रत्येक ड्राइव्हचा लेसर वेगळा असतो, एकाला न दिसलेलं दुसऱ्याला दिसतं. दोघांनी वाचलेलं मिळून एकच प्रत तयार होते.

काही जागा तरीही राहतील. डीव्हीडीवर चुका दुरुस्त करण्याची सोय १६ सेक्टरच्या गठ्ठ्यात असते, म्हणजे एक जागा गेली की साधारण ३२ केबी एकदम जातात. सेकंदाला ५ मेगाबिटच्या चित्रात ते होतात सेकंदाचा विसावा भाग. चित्रावर मात्र परिणाम जास्त वेळ दिसतो, साधारण अर्धा सेकंद, कारण मधल्या फ्रेम आधीच्या फ्रेमवर अवलंबून असतात आणि पुढची पूर्ण फ्रेम येईपर्यंत चौकोन दिसत राहतात. अर्ध्या सेकंदाच्या डागासाठी अख्खं चित्रण सोडू नका.

दोन_डिस्कांचा_सिनेमा

व्हीसीडीबद्दल कुणी लिहील का? माझ्याकडे चित्रपट दोन-दोन व्हीसीडींवर आहेत. एमपीईजीएव्ही फोल्डरमध्ये डॅट फाइल असते. आयएसओ करायला गेलो तर चुका येतात, आणि एक गोष्ट समजत नाही: ७०० एमबीच्या डिस्कवर ही फाइल ८०० एमबीच्या जवळ कशी?

चौकटराजा

दोन्हीचं कारण एकच आहे. साध्या सीडीवर प्रत्येक सेक्टरमध्ये २०४८ बाइट माहिती आणि बाकी जागा चुका दुरुस्तीसाठी. व्हीसीडी बनवणाऱ्यांनी विचार केला की चित्रातली एखादी चूक डोळ्याला चालते, मग ती दुरुस्तीची जागाही चित्रालाच देऊ. म्हणून व्हीसीडीच्या सेक्टरमध्ये २३२४ बाइट बसतात आणि ८० मिनिटांच्या डिस्कवर ८०० एमबीच्या वर व्हिडिओ मावतो. पण आयएसओ प्रतिमेत सेक्टर २०४८ चेच धरतात, त्यात व्हीसीडी बसतच नाही. तुम्ही बिन-क्यू प्रकारची प्रतिमा काढा, त्यात सेक्टर कच्चा, पूर्ण २३५२ बाइटचा घेतला जातो. लिनक्सवर व्हीसीडीइमेजरबरोबर येणारं व्हीसीडीएक्सरिप सरळ एमपीजी काढून देतं.

याची दुसरी बाजू अशी की दुरुस्तीचा एक थर कमी असल्याने व्हीसीडी ओरखडे कमी सोसते. शिवाय सीडीमध्ये माहितीचा थर थेट लेबलच्या खाली असतो, वर फक्त वार्निशचा पापुद्रा. डीव्हीडीत तो ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मध्ये सुरक्षित असतो. म्हणून व्हीसीडीच्या नावाच्या बाजूला बॉलपेनने लिहू नका, चिकटवलेलं लेबल ओढून काढू नका. खालचा ओरखडा कधी घासून निघतो, वरचा माहितीच उचलून नेतो.

रिळवाला

आणि व्हीसीडी काढल्यावर ती पुन्हा एन्कोड करू नका, असं मी आवर्जून सांगेन. चित्र आधीच ३५२ बाय २८८ चं, एमपीईजी-१, सेकंदाला ११५० किलोबिट. आवाज धरून तासाला साधारण ६२० एमबी होतात. ते अजून पिळून जागा थोडीशी वाचते आणि आधीच धूसर चित्र आणखी धूसर होतं. डॅटचं कवच काढून एमपीजी ठेवा. एफएफएमपेग या मोफत साधनाच्या स्ट्रीम कॉपीने दोन्ही भाग एका एमकेव्हीत जोडता येतात, एकही फ्रेम पुन्हा एन्कोड न होता. जोड असलेल्या जागी आवाज नीट आहे ना, तेवढं ऐकून बघा.

वेगवान_वारा

ग्राफिक कार्डवर एन्कोड केलं तर माझ्याकडे काही मिनिटांत सिनेमा होतो. प्रोसेसरवर बराच वेळ लागतो. मग कार्डच वापरावं ना? आणि करतोच आहे तर थेट १०८० किंवा ४के करून ठेवावं का, मोठ्या टीव्हीवर छान दिसेल?

रिळवाला

कार्डवरचं एन्कोडिंग वेगासाठी बनवलेलं आहे. तेवढाच दर्जा हवा असेल तर फाइल मोठी होते, तेवढीच फाइल हवी असेल तर दर्जा घसरतो. प्रवासात फोनवर बघायला पटकन काढायचं असेल तर खुशाल वापरा. कायमची प्रत करायची असेल तर एक्स२६४ (प्रोसेसरवर चालणारा एच.२६४ चा एन्कोडर) 'स्लो' प्रीसेटवर रात्रभर चालू द्या. डीव्हीडीचं चित्र लहान असतं, आजच्या प्रोसेसरला ते जड नाही. जुन्या फिल्मचा दाणा असेल तर ट्यूनमध्ये 'ग्रेन' लावून बघा. एरवी एन्कोडर दाणा पुसून चेहरे मेणासारखे गुळगुळीत करून टाकतो.

मोठं करून साठवू नका. ७२० बाय ५७६ मध्ये जेवढं आहे तेवढंच आहे. मोठं करायचं काम टीव्ही दाखवताना करतोच, आणि उद्याचा टीव्ही आजच्यापेक्षा चांगलं करेल. आज मोठं केलंत तर आजची मोठं करण्याची पद्धत त्या फाइलीत कायमची कोरली जाईल.

ध्वनिलहर

चित्राबद्दल खूप झालं, आवाजाबद्दल थोडं. हँडब्रेक सवयीने आवाज स्टिरिओ एएसी (दाबलेल्या आवाजाचा एक प्रकार) करतो. ५.१, म्हणजे सहा वाहिन्यांचा ट्रॅक असेल तर तो हातचा जातो. एसी-३ (डीव्हीडीवरचा डॉल्बी आवाज) साठी 'पासथ्रू' निवडा, मूळ ट्रॅक तसाच येतो. डीव्हीडीवर तो जास्तीत जास्त सेकंदाला ४४८ किलोबिटचा, त्यात कंजुषी करण्यासारखं काही नाही. फोनसाठी एएसीचा दुसरा ट्रॅक जोडा हवा तर.

संगीत मैफिलींच्या डिस्कवर बऱ्याचदा एलपीसीएम, म्हणजे अजिबात न दाबलेला आवाज असतो. तो १६ बिट, ४८ किलोहर्ट्झ, स्टिरिओ धरला तर सेकंदाला १५३६ किलोबिट, दोन तासांचे जवळजवळ १.४ जीबी. म्हणून लोक त्याचं एएसी करून टाकतात. कृपया तसं करू नका. फ्लॅक या प्रकारात करा. जागा बरीच वाचते आणि आवाजाचा एकही बिट बदलत नाही. तानपुऱ्याच्या जोडाची आस विरत जाते ना, तिथे कमी बिटरेटचा आवाज आधी उघडा पडतो. हेडफोन लावून तीच जागा दोन्हींत ऐका.

पाल डिस्कवर सिनेमा २५ ने पळवलेला असतो असं वर आलंय. त्यात आवाजही चार टक्के जलद होतो आणि दुरुस्त केलेला नसेल तर स्वर जवळपास पाऊण अर्धस्वराएवढा चढतो. गाणी मूळ ध्वनिमुद्रिकेपेक्षा चढी का वाटतात, त्याचं कारण हे असू शकतं.

नवी_खिडकी

सबटायटल मजकूर म्हणून काढता येतात का? अक्षरं मोठी करायची आहेत, घरात ज्येष्ठांना दिसत नाहीत.

चौकटराजा

डीव्हीडीचे सबटायटल मजकूर नसतातच, ती चार रंगांची छोटी चित्रं असतात. म्हणून मोठी केली की पायऱ्या-पायऱ्या दिसतात. सबटायटल एडिट नावाचं मोफत सॉफ्टवेअर घ्या, ते ती चित्रं ओळखून एसआरटी, म्हणजे सबटायटलची साधी मजकूर-फाइल, करून देतं. इंग्रजीसाठी फारसा त्रास नाही. देवनागरीसाठी टेसरॅक्ट या अक्षरं ओळखणाऱ्या साधनाची मराठी किंवा हिंदी माहिती बसवावी लागते, आणि जोडाक्षरं-अनुस्वार नजरेखालून घालावेच लागतात. एसआरटी झाली की प्लेअरमध्ये अक्षरं हवी तेवढी मोठी करा.

संपादक_मंडळ

चर्चा फार उपयोगी चालली आहे. एक विनंती. विकतच्या बहुतेक चित्रपट डिस्कवर सीएसएस नावाचं कुलूप असतं. ते १९९९ सालीच उघडलं गेलं आणि उघडणारी साधनं सर्रास मिळतात, पण स्वतःच्या मालकीच्या डिस्कसाठीही ते उघडणं अनेक देशांच्या कायद्यात बसत नाही. आपापल्या ठिकाणचा कायदा बघूनच पुढे जावं. काढलेल्या फाइली इतरांना देणं, दुवे टाकणं इथे चालणार नाही. घरची चित्रणं आणि कुलूप नसलेल्या डिस्क यांबद्दल मनमोकळं लिहा.

रिळवाला

मान्य. हँडब्रेक स्वतःहून कुलूपवाली डिस्क उघडतही नाही. आणि खरी निकड घरच्या डिस्कचीच आहे. बाजारात आलेल्या सिनेमाची प्रत जगात कुठेतरी असते, घरच्या चित्रणाची नसते.

धुळीचा_खोका

ओरखड्याची डिस्क दोन ड्राइव्ह मिळून जवळपास पूर्ण आली. शेवटाकडे दोन ठिकाणी चौकोन येतात, बाकी स्वच्छ. आता या सगळ्या प्रती कुठे आणि कशा ठेवू?

रिळवाला

अभिनंदन! आयएसओ आणि मॅप फाइल एकाच फोल्डरमध्ये ठेवा, म्हणजे पुढे कधी तिसरा ड्राइव्ह हाती आला तर त्या दोन जागांवर पुन्हा प्रयत्न करता येईल. फोल्डरच्या नावात प्रसंग आणि वर्ष लिहा. सोबत एका साध्या टेक्स्ट फाइलीत चित्रणात कोण कोण आहे ते लिहा, आणि हे मोठी माणसं जवळ आहेत तोवर त्यांना विचारून लिहा.

प्रत्येक आयएसओचा एसएचए-२५६ (फाइलीच्या मजकुरावरून निघणारा ओळख-आकडा) काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. दुसऱ्या हार्ड डिस्कवर कॉपी केल्यावर तिथेही काढा, दोन्ही जुळले की प्रत तंतोतंत. त्या दोन हार्ड डिस्क एकाच घरात नकोत, एक दुसऱ्या कुणाकडे तरी द्या. मूळ डिस्क लगेच टाकू नका, उभ्या ठेवा, अंधाऱ्या आणि कोरड्या जागी.

हँडीकॅमच्या राहिलेल्या छोट्या डिस्क मात्र आधी उरका. कॅमेरा आत्ता चालतोय.

धुळीचा_खोका

हो, चार्जर लावूनच ठेवलाय. पुढची डिस्क फायनलाइजला घातली आहे. अडलं तर इथेच विचारते.